काच उजळते, पण आवाज येत नाही : जुन्या हाय-फायविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत आलेली पत्रे एकाच कपाटातून निघाली असावीत, इतकी ती सारखी आहेत. कोणाला वडिलांचा रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र असलेला सेट, सापडला आहे, कोणाचे स्पीकर फाटल्यासारखे वाजू लागले आहेत, तर कोणाला हे सारे ज्या दुकानात पहिल्यांदा ऐकले ते दुकान आठवते आहे. प्रश्न थोडक्यात दिले आहेत. उत्तरे मात्र जिथे लांबली तिथे लांबू दिली आहेत.

प्रश्न : वडिलांचा १९७०च्या दशकातील स्टिरिओ रिसीव्हर वीसएक वर्षे पोटमाळ्यावर होता. पुसून खाली आणला आहे आणि घरात सर्वांना तो लगेच ऐकायचा आहे. लावावा का?

आज नको. खुर्ची वीस वर्षे माळ्यावर पडली तरी खुर्चीच राहते. रिसीव्हरच्या पोटात मात्र असे काही भाग असतात की ज्यांना वीज न मिळणे हेच मानवत नाही. वीजपुरवठ्यातील मोठे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, हे त्यांपैकी पहिले. त्यांच्यातील अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच विजेला अडवतो. कॅपॅसिटर वापरात असेपर्यंत हा थर शाबूत राहतो आणि वर्षानुवर्षे पडून राहिल्यास विरत जातो. अशा अवस्थेत एकदम पूर्ण व्होल्टेज दिले, तर नको तितका प्रवाह आतून झिरपतो, कॅपॅसिटर तापतो आणि प्रसंगी फुटतो.

सर्वांत आधी मागील पाटीवरचे व्होल्टेज वाचावे. जपानमधील बाजारासाठी बनलेले सेट १०० व्होल्टचे आणि अमेरिकेसाठीचे १२० व्होल्टचे असतात. असा सेट २३० व्होल्टच्या सॉकेटात थेट खुपसला, तर या उत्तराचा पुढील भाग वाचण्याची गरज उरत नाही. काही सेटच्या मागे व्होल्टेज निवडण्याची फिरती कळ असते, तीही तपासावी.

त्यानंतर सिरीज बल्ब. साठ किंवा शंभर वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब सेटच्या वीजमार्गात मालिकेत जोडतात. एलईडी दिवा इथे कामाचा नाही. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून तसाच राहतो, म्हणजे जो प्रवाह ट्रान्सफॉर्मर जाळणार होता तो बल्बने स्वतःवर घेतलेला असतो. सर्व ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि कॅपॅसिटर भरत जातात तसा मंदावतो. हे काम पूर्वी कधी केले नसेल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवावे, आणि सेट व्हॉल्व्हचा असेल तर झाकण स्वतः उघडूच नये, कारण त्यात तीनशे-चारशे व्होल्टचा साठा प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतो.

एवढे होईपर्यंत स्पीकर जोडायचे नाहीत. सेटच्या स्पीकर जोडण्याच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने डी. सी. (एकाच दिशेचे) व्होल्टेज मोजावे. पाच-पन्नास मिलिव्होल्ट दिसले तर चिंता नसते. काही व्होल्ट दिसले तर आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेला असण्याची शक्यता मोठी, आणि तो प्रवाह वूफरची, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची, कॉइल काही क्षणांत जाळू शकतो. बऱ्याच रिसीव्हरमध्ये यासाठीच रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, बसवलेला असतो. सेट सुरू केल्यावर तीन-चार सेकंदांनी जो ‘टक्’ असा आवाज येतो, तो या रिलेने सर्व ठीक असल्याचे मानून स्पीकर जोडल्याचा असतो. डायलची काच उजळली, सुई हलली, पण ‘टक्’ आलाच नाही, तर सेट आपणहून सांगतो आहे की आत बिघाड आहे. त्या वेळी व्हॉल्यूम वाढवत बसू नये.

आणखी एक गोष्ट सांगतो, जरी ती सांगताना आजही ओशाळायला होते. मी एकदा असाच मुका सेट उघडून संपूर्ण संध्याकाळ त्यात घालवली होती. प्रत्येक सांधा ड्राय सोल्डरच्या, म्हणजे नीट न बसलेल्या डाखाच्या, संशयाने तपासला, दोन ठिकाणी पुन्हा डाख दिला. रात्री उशिरा लक्षात आले की पुढील पट्टीवरचे ‘टेप मॉनिटर’ हे बटण दाबलेले होते. ते दाबलेले असले की सेट बाहेरच्या टेपकडून आवाज येण्याची वाट पाहत राहतो, आणि टेप नसेल तर सारे शांत. तेव्हा पेचकस हातात घेण्यापूर्वी पुढील सर्व बटणे एकेकदा दाबून पाहावीत. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल किंवा एक बाजू मधूनच गप्प होत असेल, तर पुष्कळदा नॉबच्या आतील धूळ आणि गंज एवढेच कारण असते. सेट बंद ठेवून काँटॅक्ट क्लीनरचा थोडा फवारा आत जाऊ द्यावा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवावा.

प्रश्न : त्याच काळातल्या माझ्या रिसीव्हरवर चॅनेलमागे फक्त ३० वॉट लिहिले आहे. आजच्या छोट्या डब्यावर ५०० वॉट लिहिलेले असते. मग जुना अधिक मोठा कसा वाजतो?

कारण दोन्ही आकडे एकाच मापाने मोजलेले नाहीत. साठच्या दशकातही ‘म्युझिक पॉवर’ वगैरे नावांनी क्षणिक वॉट फुगवून छापले जात. १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला की घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची जाहिरात करताना सतत देता येणारी शक्ती, आणि तीही कोणत्या ओहमच्या भारावर, कोणत्या कंप्रतांमध्ये व किती विरूपणासह (मूळ आवाजात किती बिघाड होऊन), हे सांगावे लागेल. त्या नियमामुळे आकडे विश्वासार्ह झाले आणि त्यामुळेच खऱ्याखुऱ्या वॉटची शर्यतही लागली. पायोनियरचा १९७८चा एसएक्स-१९८० हा रिसीव्हर ८ ओहमवर चॅनेलमागे २७० वॉट देत असे आणि त्याचे वजन सुमारे ३५ किलो होते. मात्र वॉट दुप्पट केल्याने आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, त्यामुळे ३० आणि ६० यांतील फरक कानाला माफकच जाणवतो. आपले ३० वॉट खरे आहेत, एवढे पुरे.

प्रश्न : जुन्या यंत्रांचा आवाज खरोखर अधिक चांगला होता, की ही आम्हा साठी ओलांडलेल्यांची समजूत आहे?

दोन्ही, परंतु सारख्या प्रमाणात नव्हे. अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत मला समजूतच अधिक दिसते : आजचा एखादा साधा पण नीट बांधलेला अ‍ॅम्प विरूपण आणि घरघर या दोन्ही मोजमापांत तेव्हाच्या नामांकित यंत्रांच्या तोडीचा किंवा पुढचा असतो. स्पीकरची गोष्ट वेगळी आहे. क्वाड कंपनीचा १९५७चा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर, ज्यात कागदी कोनाऐवजी विद्युत्‌भारित पातळ पडदा कंप पावतो, किंवा बीबीसीने सत्तरच्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांमधील अरुंद जागेसाठी तयार केलेला एलएस३/५ए हा चिमुकला स्पीकर, हे माणसाचा आवाज आजही इतक्या खरेपणाने ऐकवतात की त्यांच्यापुढे वयाचा मुद्दा काढणे अनुचित वाटते. पण हे वेचक नमुने आहेत. त्याच वर्षांत बनलेले शेकडो भिकार स्पीकर कधीच भंगारात गेले, आणि जे टिकले त्यांच्यावरून आपण सगळ्या काळाचा अंदाज बांधतो.

यात एका बटणाचाही वाटा आहे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज हळू असताना आपल्या कानाला खर्जाचे सूर मधल्या सुरांपेक्षा फारच कमी ऐकू येतात. जुन्या बहुतेक अ‍ॅम्पवर असलेले ‘लाउडनेस’ बटण ही उणीव भरून काढण्यासाठी हळू आवाजात खर्ज, आणि अनेकदा थोडी वरची पट्टीही, उचलून देत असे. पुढे ‘शुद्ध’ आवाजाच्या आग्रहापायी हे बटण आणि त्यासोबत बास-ट्रेबलचे नॉबही अनेक महागड्या यंत्रांवरून गायब झाले. रात्री घर झोपलेले असताना हळू आवाजात ऐकणाऱ्याला जुना सेट भरदार आणि नवा कोरडा वाटतो, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. माझ्या मते तो आग्रह चुकीचा होता.

राहता राहिले कान. विशीत पंधरा-सोळा हजार हर्ट्झपर्यंतचे सूर सहज ऐकणारा माणूस साठीनंतर दहा-बारा हजारांच्या पुढचे बहुधा ऐकत नाही. म्हणजे तोच सेट, तीच तबकडी आणि तीच खोली जशीच्या तशी परत मिळाली, तरी झांजेची ती चमक परत मिळणार नाही. तेव्हा जुन्या सेटची दुरुस्ती करून घेतल्यावर ‘पूर्वीसारखा वाजत नाही’ अशी तक्रार कारागिराकडे नेण्यापूर्वी घरातील एखाद्या तरुणाला शेजारी बसवून त्याचे मत घ्यावे.

प्रश्न : ऑडिओची छोटी दुकाने बंद झाली याचे मला यंत्रांपेक्षा अधिक वाईट वाटते. त्या दुकानांत असे काय होते, जे आता कुठेच मिळत नाही?

मलाही त्या दुकानांविषयी लिहिताना हात आवरावा लागतो. पुढे काउंटर, मागे जाड पडद्यांची खोली, एका भिंतीला स्पीकरची रांग, दुसऱ्या बाजूला अ‍ॅम्पची मांडणी, आणि या सर्वांना जोडणारी बटणांची एक पेटी. दुकानदार तबकडी कडांना धरून पाकिटातून काढायचा, ब्रश फिरवायचा, टोनआर्म, म्हणजे पिन धरणारा दांडा, खाली सोडायचा आणि दोन पावले मागे सरकून गप्प उभा राहायचा. पिन टेकल्यापासून पहिला सूर येईपर्यंतची ती दोन-तीन सेकंदे, ज्यांत फक्त खाचेची बारीक कुजबुज असते आणि खोलीतील अनोळखी माणसेही बोलणे थांबवतात, मला कोणत्याही यंत्राहून अधिक स्पष्ट आठवतात.

आपला प्रश्न मात्र काय हरवले असा आहे, म्हणून नेमके सांगतो. आवाजाच्या पोताची सूक्ष्म आठवण काही सेकंदांतच पुसट होते. काल एका ठिकाणी ऐकलेला स्पीकर आणि आज दुसरीकडे ऐकलेला स्पीकर यांची तुलना म्हणूनच जवळजवळ निरर्थक असते. दुकानातली बटणांची पेटी ही तुलना एका क्षणावर आणत असे. त्यातच तिचा धोकाही होता. दोन आवाजांत एखाद्याच डेसिबलचा फरक असेल तर मोठा आवाज ‘मोठा’ म्हणून ओळखू येत नाही. तो ‘अधिक मोकळा’, ‘अधिक स्वच्छ’ वाटतो आणि ग्राहक तोच निवडतो. वर उल्लेखलेला एलएस३/५ए हा फार कमी संवेदनशीलतेचा, म्हणजे तेवढ्याच वीजशक्तीत हळू वाजणारा स्पीकर आहे. शेजारचा स्पीकर ६ डेसिबलने अधिक संवेदनशील असेल, तर त्याच्या बरोबरीने वाजण्यासाठी याला चौपट वॉट लागतात. केवळ बटण दाबून तुलना केली, तर हा छोटा गुणी स्पीकर प्रत्येक वेळी हरणारच. ज्या दुकानदाराला आपला माल खपवायचा असे त्याला हे ठाऊक होते, आणि ज्याला ग्राहक टिकवायचा असे त्यालाही हे ठाऊक होते. दुसरा बटणाबरोबर व्हॉल्यूमही जुळवून द्यायचा. शिवाय खोलीत न वाजणारे स्पीकर असतील तर त्यांचे कोन वाजणाऱ्याबरोबर कंप पावतात, या कारणास्तव स्कॉटलंडमधील लिन कंपनीने ऐकवण्याच्या खोलीत एका वेळी एकच जोडी असावी असा आग्रह धरला होता. तो आग्रह कोणी अतिरेकी म्हणेल, पण ऐकवण्याच्या खोलीचा इतका विचार होत असे, हेही खरे.

याखेरीज दोन गोष्टी होत्या. पहिली, घरी नेऊन दोन दिवस ऐकण्याची मुभा, कारण स्पीकरच्या खर्जाचा निम्मा कारभार खोली ठरवते. दुसरी, मागच्या बाजूला बसलेला दुरुस्ती करणारा. त्याच्या टेबलावर कोणते मॉडेल वारंवार परत येते हे पाहिले की जाहिरातींची पाने उलटण्याचे कारण राहत नसे. या माणसाची जागा आजतागायत कशानेही भरलेली नाही.

तुलनेपुरते सांगायचे तर ती घरीही करता येते. दोन अ‍ॅम्पची तुलना करायची असल्यास दोन्हींना एकच स्थिर सूर द्यावा, स्पीकरच्या टर्मिनलवरील ए. सी. व्होल्टेज मल्टिमीटरने समान करून घ्यावे, आणि मग कोणता चालू आहे हे न सांगता दुसऱ्या कोणाला ते बदलायला सांगावे. मी हा प्रयोग केला तेव्हा ज्या फरकांवर मी पैजा लावल्या होत्या, त्यांतले बहुतेक त्या संध्याकाळी सापडलेच नाहीत. एक सापडला, आणि तो त्या अ‍ॅम्पमधील बिघाडाचा निघाला.

प्रश्न : परदेशातून नातेवाइकाने आणलेले पट्ट्याचे टर्नटेबल ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो, पण गायिका पुरुषी आवाजात गाते. पट्टा बदलला तरी फरक नाही.

दोष पट्ट्याचा नाही. आपले टर्नटेबल ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनलेले असावे आणि आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असावी. जुन्या पट्ट्याच्या यंत्रांतील सिंक्रोनस मोटरचा वेग विजेच्या कंप्रतेवर ठरतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, कंप्रता बदलू शकत नाही. त्यामुळे वेग पाच-षष्ठांश होतो, मिनिटाला ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे पडतात आणि गाणे तीन अर्धस्वरांहून किंचित अधिक खाली उतरते. मोटरच्या दांड्यावरची लहान पुली काढून त्या मॉडेलची ५० हर्ट्झची पुली बसवावी. ती व्यासाने एक-पंचमांश मोठी असते. पुली मिळत नसेल तर मोटरला हवी ती कंप्रता देणारा इलेक्ट्रॉनिक पुरवठा हा दुसरा मार्ग. १९७२च्या टेक्निक्स एसएल-१२०० सारख्या डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रांत वेग इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळते, त्यांना ही अडचण येत नाही.

खात्री करण्यासाठी रेघा छापलेली गोल चकती तबकडीच्या जागी ठेवावी. ५० हर्ट्झच्या विजेवरील लुकलुकत्या दिव्याखाली ३३⅓ च्या वेगाला १८० रेघा स्थिर दिसायला हव्यात. ६० हर्ट्झसाठी हीच संख्या २१६ असते. चकती कोणत्या विजेसाठी छापली आहे हे आधी पाहावे, नाहीतर बिघाड एका जागी आणि शोध दुसऱ्या जागी असे व्हायचे.

प्रश्न : टर्नटेबलची पिन किती काळ चालते?

हिऱ्याची पिन साधारण ५०० ते १००० तास. रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी ऐकणाऱ्याला ती दोन ते चार वर्षे पुरते. जुन्या यंत्रासोबत आलेल्या पिनेने आधी किती तास भरले आहेत हे कळायला मार्ग नसतो, म्हणून ती पहिल्या दिवशीच बदलावी. झिजलेली पिन तबकडीची खाच कायमची खरवडते. पिनेवरचे वजन कमी ठेवले म्हणजे तबकडी वाचते हाही गैरसमज आहे, कारण फार हलकी पिन खाचेत उड्या मारते आणि अधिक नुकसान करते. ७८च्या तबकड्यांची खाच रुंद असते, त्यांना एलपीची पिन लावू नये.

प्रश्न : स्पीकरच्या कोनाभोवतीची मऊ कड हात लावताच भुग्यासारखी गळून पडली. नवीन वूफर बसवू का?

वूफर टाकू नका. गळून पडले ते पॉलियुरेथेन फोम आहे, आणि तो वापरला काय अन् न वापरला काय, हवेतील दमटपणाने पंधरा-वीस वर्षांत कुजतोच. रबराची किंवा कापडाची कड असलेले स्पीकर या बाबतीत नशीबवान. कोन, कॉइल आणि चुंबक शाबूत असल्यास केवळ नवी कड चिकटवून घेता येते; काम नाजूक आहे पण अवघड नाही. जुन्या कडेचे अवशेष आणि गोंद पूर्ण खरवडून काढावे लागतात, आणि चिकटवताना कॉइल चुंबकाच्या फटीत बरोबर मध्यभागी बसली आहे ना, हे कोन बोटांनी हलकेच आत-बाहेर करून ऐकावे लागते. कुठेही घासल्याचा ‘खस्स’ असा आवाज येता कामा नये. त्याच मापाचा दुसरा वूफर बसवणे हा शेवटचा उपाय समजावा, कारण पेटीचे आकारमान आणि क्रॉसओव्हर (खर्ज व वरचे सूर वेगवेगळ्या स्पीकरकडे वाटणारे सर्किट) हे मूळ वूफरला धरून ठरवलेले असतात.

प्रश्न : मुलांना यात रस नाही. पुतणीला मात्र टर्नटेबल आणि रिसीव्हर हवा आहे, आणि ती दूर राहते. द्यावे का?

जिला हवे आहे तिला अवश्य द्यावे. सोबत एका कागदावर पट्टा आणि पिन कधी बदलली, कोणते कॅपॅसिटर नवे आहेत आणि कोणता नॉब रुसतो, हे तारखांसह लिहून रिसीव्हरच्या तळाला चिकटवावे. जुने कारागीर झाकणाच्या आत पेन्सिलीने तारीख टाकत. मला एका सेटमध्ये अशा तीन तारखा सापडल्या आणि अर्धे निदान तिथेच झाले. पाठवण्यापूर्वी टर्नटेबलची वजनदार थाळी काढून वेगळी गुंडाळावी, कारण ती जागेवर राहिली तर वाटेतल्या धक्क्यांनी बेअरिंग जाते. मोटरला किंवा स्प्रिंगवर तरंगत्या पट्टीला वाहतुकीचे स्क्रू असतील तर ते घट्ट करावेत, टोनआर्मच्या मागचे वजन काढून ठेवावे, टोनआर्म त्याच्या आधाराच्या खाचेत अडकवून मऊ दोऱ्याने बांधावा आणि पिनेवर टोपी घालावी. स्क्रू सैल करायचे आहेत हे त्याच कागदावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत लिहावे.